फिलिपिन्सचं १९८६: चार दिवस आणि चपला, बस्स एवढंच?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फिलिपिन्सच्या १९८६ सालावर पानभर लेख छापलात, बरं वाटलं, नाहीतर त्या बाजूला वादळ आलं किंवा बोट बुडाली की मगच आपल्याकडे तिकडचं काही छापून येतं. पण खरं सांगू का, वाचून चिडचिडच जास्त झाली. अर्धा लेख तिथला हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोस, त्याच्या बायकोच्या म्हणजे इमेल्डाबाईंच्या चपलांवर, उरलेला अर्धा त्याला घालवायला मनिलातल्या एड्सा रस्त्यावर चार दिवस जमलेल्या गर्दीवर, आणि शेवटी काय तर "मार्कोस निवडणूक हरला आणि देश सोडून पळाला". अहो पळाला हे खरं, पण हरला कुठे? कागदावर तो जिंकला होता. सगळी गोम तिथेच तर आहे!

७ फेब्रुवारीला मतदान झालं. सरकारी निवडणूक आयोग कोमेलेक, त्याच्या हिशेबाने मार्कोसला १ कोटी ८ लाखांच्या आसपास मतं आणि त्याच्या विरोधात उभ्या असलेल्या कोरी अकिनोला सुमारे ९३ लाख. नामफ्रेल म्हणून स्वयंसेवकांची संघटना होती, तिची मोजणी वेगळी चालू होती, त्यात कोरी साधारण ७८ लाख आणि मार्कोस ७० लाख. आता नामफ्रेलची मोजणी सगळ्या बूथपर्यंत पोचलीच नव्हती त्यामुळे तीच ब्रह्मवाक्य असं मी म्हणत नाही, पण ९ तारखेच्या रात्री काय झालं ते बघा. मनिलाच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये कोमेलेकची कॉम्प्युटरवर टोटल चालू होती, तिथल्या तिसेक ऑपरेटर लोकांच्या लक्षात आलं की आपण आत जे आकडे भरतोय ते आणि बाहेर बोर्डावर झळकतायत ते, यांचा मेळच बसत नाहीये. उठले आणि सगळ्यांसमोर बाहेर पडले, बऱ्याच जणी बायकाच होत्या, थेट बाक्लारानच्या चर्चमध्ये जाऊन बसले. त्यांची पुढारी लिंडा कापुनान, तिचा नवरा लष्करातल्या बंडखोर अधिकाऱ्यांच्या गटातला, म्हणून ते सगळं ठरवून केलेलं होतं असंही काही जण म्हणतात. म्हणोत बापडे. नोकरी आणि जीव दोन्ही पणाला लावून खुर्चीवरून उठणं काही सोपं नसतं. तुमच्या लेखात यांच्यावर एक ओळ नाही.

११ तारखेला अँटिक प्रांताचा माजी गव्हर्नर, कोरीच्या प्रचाराचं काम बघणारा एव्हेलिओ हाविएर, याला भर चौकात गोळ्या घातल्या. १५ ला तिथल्या संसदेने मार्कोस विजयी म्हणून जाहीर करून टाकलं. तोपर्यंत बिशप मंडळींनी पत्रक काढून सांगितलं होतं की फसवणुकीने आलेल्या सरकारला नैतिक आधारच उरत नाही. म्हणजे २२ तारखेला एड्सावर लोक उतरले ते काही आभाळातून पडले नव्हते, दोन आठवडे आधीपासून धग लागलेली होती.

आणि तो एनरिले. तुम्ही त्याला हिरोच करून टाकलात. संरक्षण मंत्री होता तो मार्कोसचा, १९७२ च्या मार्शल लॉचा एक शिल्पकार. २२ फेब्रुवारीला आपला कट फुटला म्हटल्यावर हा छावणीत जाऊन बसला, सोबत जनरल रामोस, आणि पत्रकारांसमोर स्वतःच बोलून गेला की १९७२ मध्ये मार्शल लॉला निमित्त म्हणून दाखवलेला माझ्या गाडीवरचा हल्ला हा बनाव होता, आणि या निवडणुकीत माझ्या भागात साडेतीन लाखांपर्यंत मतांची हेराफेरी झाली. गळ्याशी आलं तेव्हा सत्य आठवलं! त्याला वाचवायला मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी चर्चच्या रेडिओ व्हेरितासवरून लोकांना हाक दिली आणि लाखो लोक रणगाड्यांसमोर येऊन उभे राहिले, हा भाग तुम्ही चांगला लिहिलाय, त्याबद्दल तक्रार नाही.

फक्त एक राहिलं. व्हेरितासचा ट्रान्समीटर सैनिकांनी फोडला तेव्हा जून कीथली नावाची निवेदिका दुसऱ्या स्टेशनवरून बोलायला लागली, नाव ठेवलं रेडिओ बांदिदो. मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला होतो, फिलिपिनो पोरांबरोबर बरीच वर्षं काढली. आमचा एक बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, बुलाकानचा, तो सांगायचा की गल्लीत ज्याच्याकडे ट्रान्झिस्टर त्याच्या दाराशी सगळी आळी, छावणीच्या कुठल्या गेटवर माणसं कमी पडतायत ते कळलं की निघाले भाताचे डबे घेऊन. आणि त्याच बोटीवर आचारी होता इलोकोसचा, मार्कोसच्या मुलखातला. तो म्हणायचा आमच्याकडचे रस्ते मार्कोसने केले, तुमच्या कोरीने काय केलं ते सांग. एकदा मेसमध्ये एवढं पेटलं की आचाऱ्याने आठवडाभर बोसनला आदोबो, म्हणजे त्यांचं मटणाचं कालवण, दुसऱ्यांदा वाढलाच नाही, हा नुसता भात चिवडत बसायचा. २०२२ ला मार्कोसचा मुलगा बाँगबाँग राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला तेव्हा आपल्याकडे लोक चाट पडले, मला काही नवल वाटलं नाही. २५ फेब्रुवारीला बापाने राजवाड्यात शपथ घेतली तेव्हा हाच मुलगा लष्करी कपड्यात तिथे हजर होता. त्याच सकाळी कोरीने क्लब फिलिपिनोमध्ये शपथ घेतली होती, एका दिवसात दोन राष्ट्राध्यक्ष, आणि रात्री अमेरिकन हेलिकॉप्टरने मार्कोस कुटुंब अमेरिकेच्या क्लार्क हवाई तळावर, तिथून पुढे हवाई.

इथे तुमचा लेख संपतो. माझा मुद्दा असा की वर्ष इथे सुरू होतं.

तीनच दिवसांत कोरीने मार्कोसची लूट शोधायला कमिशन नेमलं. राजकीय कैदी सोडले, त्यात कम्युनिस्ट पक्षाचा संस्थापक सिसोनसुद्धा, त्यावरून लष्कराचं डोकं फिरलं. २५ मार्चला जुनी घटनाच बाजूला सारून तात्पुरती आणली, संसद बरखास्त, आणि गावोगावचे निवडून आलेले महापौर, गव्हर्नर काढून त्यांच्या जागी आपली माणसं, आपल्याकडे महापालिकेवर प्रशासक बसवतात ना तसंच. लोकशाहीची देवी म्हणून फोटो छापता तेव्हा हेही छापा की. बरं, हे अधिकार तिने कायमचे धरून ठेवले नाहीत हेही तितकंच खरं, जूनमध्ये घटना लिहायला माणसं बसवली आणि ऑक्टोबरात मसुदा तयार. राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच टर्म, मार्शल लॉ लावला तरी ६० दिवसांपुरता आणि तोही संसद रद्द करू शकते, कोर्ट तपासू शकतं. ठेच लागलेल्या माणसांनी लिहिलंय हे वाचताना कळतं.

मधल्या काळात जुलैत मनिला हॉटेलचं प्रकरण. मार्कोसच्या जोडीने उपाध्यक्षपदाला उभा राहिलेला टोलेंटिनो, त्याने काहीशे सैनिक आणि समर्थक घेऊन हॉटेलात स्वतःला हंगामी राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं. दोन दिवसांत सगळं थंड. बंडात सामील सैनिकांना शिक्षा काय, तर ३० पुश-अप्स! हसू येतं, पण पुढची बंडं बघितली की हसू जातं. नोव्हेंबरात कामगार पुढारी रोलांदो ओलालियाचा खून झाला, त्याच महिन्यात एनरिले परत कट करतोय अशी कुणकुण लागली आणि कोरीने त्याला मंत्रिमंडळातून काढलं. फेब्रुवारीचा हिरो नोव्हेंबरात घरी.

बातानचा अणुवीज प्रकल्पही याच वर्षीचा. मार्कोसने दोन अब्ज डॉलरच्या वर खर्चून बांधलेला, चेर्नोबिल झाल्यावर कोरीने तो बंदच ठेवायचा ठरवलं. त्यातून एक युनिट वीज निघाली नाही, पण कर्ज २००७ पर्यंत फेडत बसले. मार्कोसची कर्जं फेडायची की नाकारायची यावर तेव्हा तिथे जोरात वाद झाला, शेवटी फेडायचं ठरलं, आणि माझ्या मते कोरीची सगळ्यात महाग पडलेली गोष्ट हीच.

जाता जाता आपल्या वाचकांना जवळचं म्हणून, त्याच वर्षी सोल एशियाडमध्ये १०० मीटरला आपल्या पी. टी. उषाला मागे टाकणारी लिडिया दे व्हेगा फिलिपिन्सचीच. उषाने बाकी चार सुवर्णं आणली म्हणून आपण ते विसरलो, तिकडे कोणी विसरलेलं नाही. आणि त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या बाबा आमट्यांना मिळालेलं मॅगसेसे हेही मनिलाचंच.

तर विनंती अशी की लेखाचा दुसरा भाग काढा, आणि त्यात जमिनीचं घ्या. १० डिसेंबरला कम्युनिस्ट बंडखोरांशी ६० दिवसांचा युद्धविराम झाला, सगळ्यांना वाटलं आता मिटलं, आणि २२ जानेवारी १९८७ ला जमीन मागायला आलेल्या शेतकऱ्यांवर मनिलातल्या मेंडिओला पुलाजवळ गोळीबार होऊन १३ जण गेले, बोलणी तिथेच फिसकटली. कोरीच्या माहेरची हासिएंदा लुइसिता ही शेतीची इस्टेट हजारो हेक्टरची, तिथल्या शेतमजुरांना जमीन द्यायचा सुप्रीम कोर्टाचा अंतिम निकाल २०१२ मध्ये लागला. १९८६ मध्ये तिच्या हातात कायदे करायचे सगळे अधिकार एकवटलेले असताना ही जमीन का वाटली गेली नाही, हे कोणीतरी नीट लिहायला पाहिजे.

पत्र लांबलंय, माहीत आहे. कापायचंच झालं तर आचाऱ्याचं कापा, मोजणीचं कापू नका.

आपला,
एक निवृत्त दर्यावर्दी, अलिबाग