सूचना : एका अक्षराचा खेळ, रविवारची फेरी

परभणीच्या शब्दखेळ गटातील सर्व सदस्यांसाठी. अनवट इंग्रजी शब्द घ्या, त्यातलं एकच अक्षर बदला, वाढवा किंवा गाळा आणि नव्या शब्दाला बारा शब्दांच्या आत अर्थ द्या. प्रत्येकी दोन नोंदी, शनिवारी रात्री ९ पर्यंत.

नमुना घ्या, 'पेट्रिकोर' : कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर येणारा वास. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी घडवलेला शब्द. इंग्रजी स्पेलिंगच्या (petrichor) शेवटी 'ई' जोडला की 'पेट्रिचोर' (petrichore). इंग्रजीत 'चोर' म्हणजे कंटाळवाणं घरकाम. अर्थ : मातीचा वास येताच माळवदावरच्या कुरडया पळत गोळा करणे. मराठी कानाला आपला चोरही ऐकू येतो, तो फुकटात!

बदललेलं अक्षर कोणतं ते नोंदीत लिहाच. 'सायकॉलॉजी'तला मूक 'पी' गाळला तर देवनागरीत काहीच हलत नाही, मग हसायचं कशाला? आणि तयार झालेला शब्द कोशात आधीच असेल तर नोंद बाद. 'अव्हर्स'मध्ये 'डी' घातला की 'अ‍ॅडव्हर्स' होतो, तसं नको. दोन अक्षरं बदलून पाठवलेली नोंद कितीही झकास असली तरी धरणार नाही.