किडनी ट्रान्सप्लांटचे व्हिडिओ आपल्या बोलीत बनवून राहिलो, हातभार लावा

नमस्कार मंडळी. डायलिसिस युनिटच्या बाहेर बाकड्यावर बसूनबसून ओळखी झाल्या आणि त्यातून आमचं हे पेशंट आणि नातेवाइकांचं मंडळ उभं राहिलं, तुमच्यापैकी बरेच जण ओळखता. या वेळी गोळ्यांसाठी नाही की गाडीभाड्यासाठी नाही, काम वेगळं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागच्या उन्हाळ्यात कुहीकडच्या एक काकू भेटल्या. पोरगा आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर, दर वेळी चार तास. काकू किडनी द्यायला तयार, ब्लड ग्रुप जुळलेला, आणि तरी दोन महिने पुढच्या तपासण्या अडलेल्या, कारण घरी सासू म्हणे एक किडनी काढली का बाई कामातून गेली, मग पाण्याचा गुंड उचलणार नाही, रोवण्याला वाकता येणार नाही. काकूंच्या पिशवीत हॉस्पिटलचा माहितीचा कागद होता, इंग्रजीतला, चार घड्या घालून आधार कार्डासोबत जपून ठेवलेला. घरात कोणाला वाचताच येत नव्हता.

आमच्यातला एक जण, त्याचं ट्रान्सप्लांट होऊन गेलेलं, त्यानं एक्स-रेच्या पाकिटामागे बॉलपेननं माणूस काढला. कमरेच्या मागे दोन जुन्या किडन्या, सुकलेल्या, आणि नवी किडनी खाली पोटात, जांघेच्या जरा वर, तिथल्याच रक्तवाहिन्यांना जोडलेली, तिची लघवीची नळी थेट मूत्राशयात. काकू वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "अजी, म्हणजे जुन्या काढतच नाही? मले वाटे पोराची पाठ फाडतात." मग त्यानं देणाऱ्या बाईचं चित्र काढलं, की सगळ्या तपासण्या नीट आल्या तरच डॉक्टर किडनी घेतात, राहिलेली एक किडनी काम सांभाळून घेते, काही आठवडे जड उचलायचं नाही, नंतर हळूहळू नेहमीची कामं आणि दर वर्षी चेकअप. काकू म्हणाल्या, "हे पाकीट घरी नेऊ का, सासूले दाखवतो." पंधरा दिवसांनी सासूच सोबत आली तपासणीला.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे, की पाकिटावरचं चित्र जर हललं, आपल्या बोलीत बोललं आणि मोबाईलवर घरोघरी गेलं तर! डॉक्टरांना मी बोल लावत नाही, ओपीडीत बाहेर गोंदिया, गडचिरोली, छिंदवाड्यापासूनची माणसं उभी असतात, एका घराला किती वेळ देणार ते. आणि आत आपण सगळे नुसती मान हलवतो, प्रश्न सुचतात ते बसस्टँडवर आल्यावर. व्हिडिओ रात्री जेवणं झाल्यावर सगळं घर मिळून पाच वेळा बघू शकतं. अमेरिकेत बफेलो शहरात ट्रान्सप्लांट सर्जन लीस केलर यांच्या टीमनं पेशंट लोकांना सोबत घेऊन असेच छोटे ॲनिमेशन व्हिडिओ केलेत. आपल्याला आपले करायचे आहेत, आपल्या लोकांच्या प्रश्नांवर.

प्रश्न म्हणजे कसे बघा. पाणी. डायलिसिसच्या पेशंटनं वर्षानुवर्षं ग्लास मोजून पाणी प्यालेलं असतं, ट्रान्सप्लांट झाल्यावर डॉक्टर सांगतात भरपूर प्या, पण हात उचलत नाही, भीती बसलेली असते, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीत नव्या किडनीला पाणी कमी पडलं तर काय होतं ते दोन मिनिटांच्या चित्रात दाखवता येतं. दुसरं, टॅक्रोलिमसची लेव्हल, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीची रक्तातली मात्रा. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं, पण माणूस गोंदियाहून पहाटे निघतो, सवयीनं गोळी घेऊन गाडीत बसतो आणि इथे आल्यावर ती टेस्ट बिनकामाची. संत्र्याचं तर इथे प्रत्येक जण विचारतो! पोटॅशियमचा रिपोर्ट बघून डॉक्टर संत्रं खाऊ देतात, पण चकोतरा आणि पपनस नको, त्यानं औषधाची रक्तातली मात्रा वाढते.

आणि गोळ्या बंद करणं. माझ्या धाकट्या भावानं हेच केलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, १.२ आलं, अंगात ताकद आली, त्याला वाटलं आता बरा झालो, मग गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागला, घरचे पैसे पण वाचत होते. आईनं दिलेली किडनी सात महिन्यांत गेली. रिजेक्शन हा शब्द आम्ही सगळ्यांनी ऐकला होता, पण शरीर त्या किडनीला कायम परकंच समजतं, गोळ्यांनी त्याला रोज दाबून ठेवावं लागतं, म्हणून बरं वाटत असलं तरी गोळी घ्यायचीच, हे आमच्या घरात कोणालाच समजलेलं नव्हतं. तो व्हिडिओ मला सगळ्यात आधी करायचा आहे.

बाकी विषय पण घेतलेत. १९९४ च्या कायद्यानं किडनी विकणं-घेणं गुन्हा आहे, किडनी देऊ शकणाऱ्या जवळच्या नात्यात आई-बाप, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं, आजी-आजोबा आणि नातवंडं येतात. घरात देणारं कोणी नसेल तर हॉस्पिटलमार्फत नागपूरच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत्यूनंतर दान झालेले अवयव पेशंटना वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव लागतं. ब्रेन डेड म्हणजे कोमा नाही, हे पण. महात्मा फुले योजनेत किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा २०२३ मध्ये २.५ लाखांवरून ४.५ लाख झाली, ते कितीतरी लोकांना माहीतच नाही.

आठ व्हिडिओंचा खर्च २,४०,००० रुपये येतो, ९०,००० जमले. शंभर रुपये असले तरी द्या, पण मंडळाच्या बँक खात्यातच टाका, कोणाच्या पर्सनल नंबरवर नको, पावती घ्या. प्रत्येक स्क्रिप्ट आधी किडनीचे डॉक्टर तपासतील, त्याशिवाय रेकॉर्डिंग होणार नाही. चित्रं काढणारी कॉलेजची मुलं पाहिजेत. आवाज पाहिजेत, रेडिओसारखे नको, घरच्यासारखे. पूर्व विदर्भाकडची बोली, वऱ्हाडी, हिंदी आणि गोंडी बोलणारी माणसं, बाया तर खास पाहिजेत, कारण आपल्याकडे किडनी देणाऱ्यांमध्ये बायाच जास्त आहेत.

घरी जुना टॅब पडला असेल तर तोही द्या, वेटिंगमध्ये लावून ठेवू. फक्त चार्जर सोबत द्या, मागे दोन टॅब आले आणि चार्जर एकच. येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या नेहमीच्या जागी बसणार आहोत, ते एक्स-रेचं पाकीट काकूंनी परत आणून दिलंय, ते बघायला तरी या.