स्क्रंची (केसांना बांधायचे कापडी रबर) शिवणाऱ्या सदस्यांसाठी : कापड कापण्याआधी वाचा

ताईंनो, पोळ्याच्या बाजारासाठी माप एकच ठेवा. पट्टी 22 इंच लांब, 4 इंच रुंद. इलॅस्टिक पाव इंची, 8 इंच. सुती कापड आधी भिजवून, वाळवून इस्त्री करा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटते. साटीनचे धागे फार निघतात, त्याची पट्टी साडेचार इंच रुंद कापून शिलाईला अर्धा इंच सोडा. (साटीन नवख्यांनी घेऊच नये.) ओवताना इलॅस्टिकचे मागचे टोक कापडाला टाचून ठेवा, आत गेले की पुन्हा ओवत बसा! नुसती गाठ सुटते, म्हणून टोके अर्धा इंच एकमेकांवर ठेवून तीनदा शिलाई मारा. उरलेले इलॅस्टिक टिनाच्या छपराखाली नको, उष्णतेने ढिले पडते. माल शुक्रवारच्या बैठकीत आणा.