बाळंतिणींच्या अ‍ॅपमधील धोकादायक सल्ल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: हृदय निकामी होण्याची लक्षणे ‘स्वाभाविक’ ठरवल्याबाबत

महोदय/महोदया,

गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणींसाठी असलेले आपले अ‍ॅप माझी धाकटी बहीण शुल्क भरून वापरते. बाळंतपणानंतर काही दिवसांतच तिला आडवे पडले की धाप लागू लागली, रात्री गुदमरून जाग येऊ लागली आणि पायांची सूज उतरायची ती वाढतच गेली. तिने हे सारे अ‍ॅपमध्ये नोंदवले, तेव्हा ‘हे स्वाभाविक आहे, विश्रांती घ्या’ एवढेच उत्तर आले. पुढे इकोकार्डिओग्राम, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर पेरिपार्टम कार्डिओमायोपथीचे, म्हणजे प्रसूतीच्या आगेमागे हृदयाचा स्नायू दुबळा होण्याच्या आजाराचे निदान झाले. तिच्यावर उपचार सुरू आहेत.

गर्भारपणात शरीरातील रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थोडी धाप, थकवा आणि पायांवर सूज अनेकींना येते, हे मला मान्य आहे. पण नेमक्या याच कारणामुळे हा आजार नजरेतून निसटतो आणि म्हणून अ‍ॅपने फरक विचारायलाच हवा. जिना चढताना दम लागणे वेगळे आणि सपाट झोपता न आल्याने उशांवर उशा रचाव्या लागणे वेगळे. झपाट्याने वाढणारे वजन, रात्रीचा न थांबणारा खोकला किंवा छातीत धडधड यांची जोड असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितले पाहिजे, आणि बसल्या जागीही श्वास पुरत नसेल तर तातडीने रुग्णालयात. उच्च रक्तदाब किंवा जुळे असल्यास धोका अधिक असतो. बहिणीच्या वाढलेल्या रक्तदाबाच्या नोंदी आपल्याकडे होत्या, तरीही उत्तर देताना त्या विचारात घेतल्या गेल्या नाहीत, याचा मला विशेष संताप आहे.

शिवाय प्रसूतीची तारीख भरताच अ‍ॅपमधील आईचा विभाग बंद होतो आणि पुढच्या सूचना फक्त बाळाविषयी येतात. हा आजार मात्र बहुतेकींमध्ये प्रसूतीनंतरच उघड होतो.

शुल्काचा परतावा मला नको. ही उत्तरे हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासून दुरुस्त करावीत, आईचा विभाग प्रसूतीनंतर किमान पाच महिने सुरू ठेवावा आणि ज्यांना असेच उत्तर मिळाले त्या सर्व ग्राहकांना त्वरित कळवावे. यांपैकी काय आणि केव्हा करणार, ते लेखी कळवावे.

आपली,
एका ग्राहकाची बहीण