सूचना : श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वय ६५ वर्षे पूर्ण असावे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे. त्याहून कमी वयाच्या निराधार व दिव्यांग व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना असून दिव्यांगांना उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. दरमहा अनुदान १,५०० रुपये असून दिव्यांगांना ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाले आहे.

अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात द्यावा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला व पासबुकाची प्रत सोबत जोडावी. अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होत असल्याने, आधारवर ‘लक्ष्मीबाई’ आणि पासबुकावर ‘लक्ष्मी’ असा फरक असल्यास तो आधीच दुरुस्त करून घ्यावा, कारण मंजुरीनंतरही एवढ्याशा कारणाने पैसे अडकतात आणि खरोखर गरजू माणसाचेच हाल होतात. अनुदान चालू असलेल्यांनी हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. अंथरुणाला खिळलेल्या सभासदांची नावे नातेवाइकांनी कार्यवाहांना अवश्य कळवावीत. त्यांची कागदपत्रे घरी येऊन तपासून देण्यात येतील.

— कार्यवाह