बाबा, तुमचं तणनाशक कोण खातंय?

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर बाबा वैतागून म्हणाले, "उसाच्या लावणीवर अ‍ॅट्राझीन मारलं आणि महिन्यात तण वर! पूर्वी भरणीपर्यंत भांगलायला बायका लागत नव्हत्या. दुकानदार भेसळ करतोय." तेव्हा मी हसले आणि बाबांना राग आला. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

बाबा पाहुण्यांना सांगतात ना, पोरगी अमेरिकेत जंतू पाळते, ते खरंच आहे. फक्त हे जंतू तुमचंच औषध खातात. इथं मिनेसोटात लिटल फॉल्स गावी शेतीऔषधांच्या एका दुकानाच्या आवारात अ‍ॅट्राझीन सांडून सांडून माती नासली होती. त्याच मातीत हा स्यूडोमोनास नावाचा जंतू सापडला. 1995 साली त्याचा शोध जाहीर झाला. सापडला कसा, ते आईला आवडेल. अ‍ॅट्राझीन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे ते जास्त घातलं की जंतू वाढवायच्या ताटलीतली जेली ताकासारखी पांढुरकी होते. त्यावर माती कालवलेलं पाणी पसरायचं आणि वाट बघायची. ज्या ठिपक्याभोवती जेली नितळ होते, तो खाणारा. पहिल्यांदा स्वतःच्या ताटलीत तसं कडं दिसलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. सांगायला प्रयोगशाळेत कुणी नव्हतं.

खातो कशासाठी? नत्रासाठी. अ‍ॅट्राझीनच्या एका रेणूत नत्राचे पाच अणू असतात. आपण उसाला युरिया देतो, तसा याला अ‍ॅट्राझीन हाच युरिया. आधी क्लोरीन काढून टाकतो. तेवढ्यानंच औषधाचा तण मारायचा गुण जातो. मग दोन बाजूच्या फांद्या तोडतो आणि शेवटी मधलं कडं फोडतो.

मला वेड लावलंय ते त्या पहिल्या हत्यारानं, म्हणजे क्लोरीन काढणाऱ्या प्रथिनानं. त्याच्या 475 मण्यांच्या माळेतले फक्त नऊ मणी बदलले, तर ते मेलामाइन या वेगळ्याच रसायनावर काम करणारं दुसरंच प्रथिन होतं. अ‍ॅट्राझीन बाजारात आलं 1950 च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे बाबांच्या वयाच्या आतबाहेरच्या काळात मातीनं हे हत्यार घडवलं असावं. वर ते सुट्या जनुकीय कड्यावर असतं, ते एक जंतू दुसऱ्याला देतो, शेजारी विळा मागून नेतात तसं.

तेव्हा भेसळ असेलही, पण वर्षानुवर्षं एकाच रानात एकच औषध मारलं की तिथले जंतू त्याला सरावतात आणि ते लवकर संपतं, हे जगात बऱ्याच ठिकाणी दिसलंय. आपल्या मळ्यातही तेच असेल असं मला वाटतं. माती तपासल्याशिवाय म्हणणार नाही, आणि बाबा, तुम्हीही दुकानात जाऊन म्हणू नका.

माझं सध्याचं काम म्हणजे यांच्या आळसाचा अभ्यास. नत्र आयतं मिळालं की हे अ‍ॅट्राझीनकडे वळायला कुचराई करतात. (आमच्या दादासारखे. त्याला दाखवू नका.) दक्षिण डाकोटात सांडलेल्या जागी तर जंतू मारून, त्यांच्यातलं हत्यार तेवढं वापरून बघितलं होतं. आठ आठवड्यांत निम्म्याच्या वर अ‍ॅट्राझीन गेलं, आणि सोबत फॉस्फेट दिलं तिथं आणखी जास्त.

आता कामाचं. हे सगळं वरच्या मातीत चालतं. औषध खाली पाझरून पाण्याला लागलं की तिथं खाणारे फार थोडे, ते वर्षानुवर्षं राहतं. युरोपनं ते याच कारणानं बंद केलं. आणि बाबा, तुम्ही फवारणीचा पंप कुठं धुता? मोटारीच्या खोलीमागं, विहिरीपासून दहा पावलांवर. तिथं गवतही उगवत नाही, मी लहानपणापासून बघतेय. आई त्याच विहिरीचं पाणी भरते. या हंगामापासून पंपाचं धुणं रानातच, फवारलेल्या सरीत ओता.

पण ती बोडकी जागा नांगरू नका, तिथं मुरूमही टाकू नका. इतकी वर्षं तिथं औषध सांडलंय. मला हवे ते जंतू तिथं असतील तर असतील. माती इकडं आणायला परवाना लागतो, म्हणून दिवाळीत आले की कोल्हापुरातल्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतच ताटल्या घालू. आई, झाकणाचे दोन डबे धुऊन, वाळवून ठेव. लोणच्याचे नकोत, वास जात नाही.

तुमची,
ताई