समितीतल्या ताईंना, एका मावशीकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव, आमचं गाव, पोरीचं वय, यातलं काहीच इथे लिहीत नाही. पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे आणि ते तुम्हीच मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तरी पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. अशा मुलांना कुठे, कुणाकडे ठेवायचं ते ठरवणारं बाल कल्याण समिती नावाचं काही असतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं, माझ्यासारख्या कितीतरी जणींना आजही नसेल.

शाळेतल्या बाईंनी १०९८ ला, मुलांच्या मदतीच्या नंबरवर, फोन केला आणि गुन्हा नोंद झाला. त्रास देणारा घरातलाच, म्हणून २४ तासांच्या आत पोलिसांनी पोरीला तुमच्यासमोर आणलं. माझ्या पोटात गोळा आला होता. त्याआधी एका ठिकाणी चार माणसांदेखत तिला सगळं बोलायला लावलं होतं, आता इथेही तेच होणार असं वाटलं. दप्तर पोटाशी धरून बसलेली ती, पाणीसुद्धा घेईना. तुम्ही खुर्चीवरून उठलात आणि सतरंजीवर तिच्याशेजारी येऊन बसलात. काय झालं ते विचारलंच नाहीत. विचारलंत एवढंच, "रात्री शेजारी कोण असलं की तुला झोप लागते?" ती बराच वेळ गप्प. मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

दुसऱ्याच दिवशी समितीकडून एक मॅडम घर बघायला आल्या. दोन खोल्यांचं घर आमचं, मला लाज वाटत होती. त्यांनी दाराची कडी बघितली, घरात कोण येतं-जातं ते विचारलं, पोर कुठे झोपणार ते बघितलं. तिसऱ्या दिवशी पोरीला माझ्याकडे ठेवायचा आदेश माझ्या हातात. घरातून काढायचं की नाही हे तीन दिवसांत ठरवायचा नियमच आहे म्हणे, पण तो पाळणारं माणूस भेटावं लागतं.

त्या कागदानं काय केलं ते सांगते. आठवडाभरात नातेवाईक दारात. "घरातलं घरात मिटवू, पोरीला पाठव." मी नुसती मावशी, माझा हक्क तो काय? आत जाऊन आदेश आणला. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, हे तुम्ही सांगितलेलं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं आणि म्हटलं, समितीनं सांगितल्याशिवाय पोर हलणार नाही. आवाज कापत होता माझा, पण ते गेले.

कपड्यांसाठी, जाण्यायेण्यासाठी मदत मिळावी म्हणून तुम्ही विधी सेवा प्राधिकरणाला शिफारस केलीत. वर्षाच्या मध्यात शाळा बदलली तेव्हा कारण न लिहिता पत्र दिलंत. आणि सपोर्ट पर्सन म्हणून दिलेली ती मुलगी! कोर्टाची तारीख, वकिलांचं म्हणणं, सगळं आम्हाला कळेल अशा भाषेत सांगते. साक्षीच्या दिवशी आरोपी पोरीच्या नजरेला पडणार नाही ही सोय कायद्यातच आहे, हे तिनं आधीच समजावलं, तेव्हा कुठे पोर जेवली.

केस अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते लागो, तुमचे उपकार आमच्यावर आहेतच.

पोरीला तुमचं नाव येत नाही, ती तुम्हाला 'सतरंजीवाल्या बाई' म्हणते. परवा तिला सांगितलं, पुढच्या आठवड्यात समितीकडे जायचंय. तर म्हणाली, "त्या बाई असतील ना?"

तुमची,
मावशी